पाण्यातला तोल

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलताना राहून गेलेल्या दोन-तीन गोष्टी नंतर भरल्या आहेत.)



माझा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचत नसेल तर तिथूनच हात वर करा. मी मुद्दाम हळू बोलत नाही. या आजारात आवाज आपोआप बसतो आणि बोलणाऱ्याला मात्र आपण खणखणीत बोलतोय असंच वाटत राहतं. म्हणून माईक तोंडाला चिकटवला आहे. पूर्वी मंडपातले पुढारी असे माईक धरायचे तेव्हा मी हसायचो.

समितीने मला ‘संस्थेची पंचवीस वर्षे’ असा विषय दिला होता. पहिली सात वर्षे मी खजिनदार होतो, त्यामुळे जमाखर्चावर तासभर बोलू शकतो. पण तो विषय सचिव साहेबांनी चांगला मांडला आहे आणि ताळेबंद स्मरणिकेत छापलाच आहे. मी बोलणार आहे ते आपल्या मागच्या कोपऱ्यातल्या हौदाबद्दल, आणि त्या निमित्ताने माझ्या आजाराबद्दल. अध्यक्षांची परवानगी घेतलेली आहे.

मला पार्किन्सन्स आहे. २०१६ साली निदान झालं. त्याच्या आधी दोन वर्षे मला आणि घरच्यांना वाटत होतं की म्हातारपण जरा लवकर आलं. पहिली खूण सांगतो, कारण ती बँकेतल्या माणसालाच कळावी अशी आहे. चौतीस वर्षे मी लोकांच्या सह्या तपासल्या. नमुन्याची सही एका बाजूला, चेक दुसऱ्या बाजूला. शेपटी कमी पडली तर चेक परत. आणि एके दिवशी माझाच चेक परत आला, ‘सही जुळत नाही’ म्हणून. काउंटरवरचा मुलगा माझ्या हाताखाली शिकलेला. बिचारा खाली मान घालून म्हणाला, “साहेब, बारीक झाली हो.” खरंच झाली होती. पहिलं अक्षर ठीक, मग पुढची अक्षरं उतरत उतरत मुंगीएवढी. तो मुलगा बरोबर होता, मी त्याला शाबासकी दिली आणि घरी येऊन गुपचूप वहीत सह्या काढत बसलो. पान भरलं, सही काही मोठी झाली नाही.

आता आजार थोडक्यात. आपल्या मेंदूच्या मध्यभागी पेशींचा एक काळसर पुंजका असतो. तिथे डोपामिन नावाचं रसायन तयार होतं. हालचाल सुरू करणं, ती मोठी ठेवणं, थांबवणं हे सगळं त्यावर चालतं. त्या पेशी हळूहळू मरतात आणि लक्षणं दिसू लागतात तेव्हा बराच माल संपलेला असतो. म्हणजे खातं रिकामं होत आल्यावर पासबुक भरायला आल्यासारखं. हात थरथरणं लोकांना दिसतं, पण खरा त्रास ताठरपणाचा, मंदपणाचा आणि तोल जाण्याचा. जेम्स पार्किन्सन या लंडनच्या डॉक्टरांनी १८१७ मध्ये सहा रुग्णांवरून हे लिहिलं. त्यातले काही तर त्यांनी रस्त्यात चालताना पाहिलेले होते. त्यांचा जन्मदिवस ११ एप्रिल, म्हणून तो जागतिक पार्किन्सन्स दिन. आपल्याकडे आयुर्वेदात कंपवात हे नाव होतंच. आपल्या बांधावर वाढणाऱ्या खाजकुहिलीच्या बियांत लेव्होडोपा असतं, तेच औषध आज आम्ही गोळीतून घेतो. हे ऐकून कोणी उद्या कुहिलीचं चूर्ण सुरू करू नका. गोळीत किती आहे ते लिहिलेलं असतं, चूर्णात नसतं.

गोळीने मला बरीच वर्षे छान साथ दिली. पण गोळी तोल सांभाळत नाही. मला सर्वांत अवघड जातं ते वळणं. स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभा असलो आणि दाराकडे तोंड करायचं असेल तर तुम्ही दोन पावलांत वळाल. मी मोजली आहेत, मला अकरा लागत होती. नोटा मोजायची सवय आहे, मोजणं सुटत नाही. आणि उंबरठा आला की पाय जमिनीला खिळतात. डोकं म्हणतं चल, पाय म्हणतात थांब. तीन वेळा पडलो. तिसऱ्या वेळी रात्री दोन वाजता, मोरीपाशी. आमच्या घरच्या मंडळींचे गुडघे तुम्हाला माहीत आहेत. त्या मला उठवायला वाकल्या आणि आम्ही दोघेही तिथेच बसून राहिलो. शेजारच्यांना हाक मारायची लाज वाटली. सकाळी दूधवाला आला तेव्हा त्याने दोघांना उठवलं. हे आजवर मी कोणाला सांगितलं नव्हतं. त्यानंतर मी घराबाहेर पडणंच सोडलं. सकाळचा पारावरचा कट्टा सुटला, बाजाराच्या दिवशीची फेरी सुटली. लोक म्हणायचे, साहेब आताशा दिसत नाहीत. दिसणार कुठून?

मुलीने जबरदस्तीने पुण्याला नेलं. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ म्हणून लोकांनीच चालवलेला स्वमदत गट आहे. तिथे रुग्णाला रुग्ण म्हणत नाहीत, शुभार्थी म्हणतात आणि सांभाळणाऱ्याला शुभंकर. आधी मला हे शब्द फार गोड गोड वाटले. पण आमच्या सौभाग्यवतींना कोणीतरी पहिल्यांदा ‘तुम्ही कशा आहात’ असं विचारलं, तेव्हा त्या शब्दाचा उपयोग कळला. पुण्यात पार्किन्सन्सच्या लोकांसाठी नृत्याचेही वर्ग चालतात. मी नाचलो नाही. पण ताल लागला की खिळलेला पाय सुटतो हे खरं आहे. भजनाच्या ठेक्यावर मी आजही चांगला चालतो.

मुलीच्या घराजवळ एक फिजिओथेरपिस्ट बाई पाण्यातले व्यायाम घ्यायच्या. जलोपचार म्हटलं की आपल्या पिढीला आठवतं ते उरुळीकांचन, १९४६ मध्ये गांधीजींनी सुरू केलेला निसर्गोपचार आश्रम, कटिस्नान आणि मातीच्या पट्ट्या. नाहीतर आपल्या जवळचं उनकेश्वर. पैनगंगेकाठचे गरम झरे, त्वचेच्या विकाराची माणसं तिथे जातात. हा प्रकार त्यातला नाही. पाण्यात काही औषध नसतं, पाण्याने आजार जात नाही. पाणी फक्त तुमचं वजन उचलतं आणि तुम्हाला वेळ देतं. हे दोन शब्द लक्षात ठेवा, वजन आणि वेळ.

वजनाचं गणित आर्किमिडीजचं. कमरेइतक्या पाण्यात उभं राहिलं की शरीराचं वजन निम्मं भरतं. छातीइतक्या पाण्यात साधारण एक तृतीयांश. गळ्याइतक्या पाण्यात दहावा हिस्सा. माझं वजन अडुसष्ट किलो, म्हणजे छातीभर पाण्यात माझ्या पायांवर बावीस-तेवीस किलोचाच माणूस उभा असतो. तेवढा माणूस माझे पाय आजही सांभाळू शकतात. आणि वेळेचं असं, की पाणी हवेपेक्षा सुमारे आठशे पट दाट. जमिनीवर तोल गेला की तुम्ही अर्ध्या सेकंदात फरशीवर. पाण्यात तुम्ही सावकाश कलता. माझ्यासारख्या मंद झालेल्या मेंदूलाही मधे हात टाकायला, पाय पुढे घ्यायला सवड मिळते. तोल सावरण्याचा सराव करायचा तर तोल जाऊ द्यावा लागतो, आणि जमिनीवर ते परवडत नाही. शिवाय पाणी कोमट असलं की ताठर स्नायू सैल पडतात. आमच्या तिथे पाणी तेहतीस अंशाच्या आसपास ठेवायचे. पण हे सगळ्यांना एकच माप नाही. मल्टिपल स्क्लेरोसिसच्या रुग्णांना उष्णता सोसत नाही, त्यांची कमजोरी वाढते, म्हणून त्यांना थोडं गार पाणी लागतं.

पहिल्या दिवसाची फजिती सांगतो. तलावाच्या काठाला निळ्या फरशीची पट्टी होती. माझे पाय त्या पट्टीपाशी खिळले ते खिळलेच. मागे दोन लहान मुलं ट्यूब घेऊन उभी, ‘आजोबा, चला ना’ म्हणतात. मी म्हणालो, बाई, मला परत न्या. त्या म्हणाल्या, “काका, पट्टी ओलांडायची नाही, पट्टीवर पाय द्यायचा.” पाय दिला आणि सुटला. कठड्याला धरून पाच पायऱ्या उतरलो. पाणी छातीपर्यंत आलं आणि अंगातली भीती कोणीतरी काढून घेतल्यासारखं झालं. बाईंनी दोन्ही हात धरून पुढे चालवलं, मग म्हणाल्या, आता वळा. मी वळलो. चार पावलं. परत वळायला लावलं, परत चार. आमच्या सौभाग्यवती काठावर खुर्चीत बसल्या होत्या. त्यांना कळेना की मी पाण्यात उभा राहून का रडतोय. त्यांनी बाईंना विचारलं, पाणी फार गार आहे का?

चार महिने, आठवड्यातून दोनदा, पाऊण तास. व्यायाम म्हणाल तर बघणाऱ्याला हसू येईल इतके साधे. पुढे चालायचं, मागे चालायचं, आडवं चालायचं. गुडघे उंच उचलून मोठ्याने आकडे म्हणत कवायत. हात पाण्याखाली लांब पसरून रहाटासारखे फिरवायचे. वळताना जागेवर गिरकी न घेता बैलगाडीसारखा मोठा फेर घ्यायचा. तोंड पाण्याशी नेऊन बुडबुडे काढायचे, त्याने श्वास आणि आवाज दोन्ही सुधारतात. बाई सारख्या एकच शब्द म्हणायच्या, “मोठं, काका, मोठं.” कारण आमचा मेंदू प्रत्येक हालचाल बारीक करतो, त्या सहीसारखी. गोळी घेतल्यावर तास-दीड तासाने, औषधाचा अंमल असतानाच पाण्यात उतरायचं हाही नियम.

हे शास्त्र कालपरवाचं नाही. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांचे पाय १९२१ मध्ये लुळे पडले. १९२४ साली ते जॉर्जिया राज्यात वॉर्म स्प्रिंग्जच्या कोमट पाण्यात गेले, जमिनीवर उभं राहता येत नव्हतं ते पाण्यात राहता आलं आणि दोन वर्षांनी त्यांनी ती जागाच विकत घेऊन इतर रुग्णांसाठी चालवली. लंडनच्या हॅलिविक नावाच्या शाळेत जेम्स मॅकमिलन यांनी १९४९ पासून अपंग मुलींना पाण्यात तोल शिकवण्याची पद्धत बसवली. ते डॉक्टर नव्हते, पाण्याचं गतिशास्त्र जाणणारे अभियंता होते. आज ती पद्धत जगभर वापरतात. आणि पार्किन्सन्सच्या व्यायामांवर कोक्रेन या संस्थेने २०२३ मध्ये दीडशेहून अधिक चाचण्या एकत्र करून पाहिल्या. निष्कर्ष असा की बहुतेक सगळ्या व्यायामांनी फायदा होतो, आणि रोजचं जगणं सुधारण्यात पाण्यातले व्यायाम बरेच वर दिसतात. त्यातल्या अनेक चाचण्या लहान आहेत, हेही तितकंच खरं. मी बँकेचा माणूस, जमा सांगितली की नावेही सांगतो.

नावे बाजूचं मोठं कलम माझंच आहे. पुण्याहून परतलो तेव्हा मी स्वतःला पैलवान समजत होतो. लहानपणी आपण सगळेच विहिरीत पोहायला शिकलो, पाठीला डबा बांधून. वडील वरून ढकलायचे आणि धोतर सावरत काठावर उभे राहायचे. साठ वर्षे मला पोहता येतं ही गोष्ट मी धरूनच चाललो होतो. पुतण्याच्या शेतात नवं शेततळं झालं होतं, काठोकाठ भरलेलं. त्याला म्हणालो, जरा उतरतो. शेततळ्याला आत प्लास्टिकचं अस्तर असतं, उतार असतो, त्यावर शेवाळ. पाय सरकला तो थेट खोल पाण्यात. हात चालले, पाय चाललेच नाहीत. पोहण्याची ती साखळी, हात-पाय-श्वास, जिला मी कधी आठवलीही नव्हती, ती डोक्यातून पुसली गेली होती. पुतण्याने ठिबकची नळी टाकली, तिला धरून वर आलो. तो काही बोलला नाही. घरी सोडताना फक्त एवढंच म्हणाला, “काका, काऊन असं करता?”

पुढे वाचलं की मी एकटा नाही. स्वित्झर्लंडमधल्या झुरिकच्या डॉक्टरांनी नऊ रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली आहे. चांगले पोहणारे लोक, मेंदूत तारा बसवण्याची शस्त्रक्रिया झाल्यावर चालणं सुधारलं, पण पोहणं मात्र गेलं. एक-दोघे बुडता बुडता वाचले. माझी ती शस्त्रक्रिया झालेली नाही, तरी धडा तोच. म्हणून सांगतो, ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे त्यांनी त्याला नदीत, विहिरीत, शेततळ्यात कधीही सोडू नका. छातीपेक्षा खोल पाणी नाही, घसरडा तळ नाही आणि एकट्याने तर कधीच नाही. फिट येत असतील, हृदय कमजोर असेल, अंगावर उघडी जखम असेल, ताप असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाण्याचं नाव काढायचं नाही. आणि बाहेर येताना घाई नाही. पाण्याचा दाब पायांतलं रक्त वर ढकलत असतो, तो दाब सुटला की रक्तदाब खाली येतो, चक्कर येते. पायरीवर पाच मिनिटं बसायचं, घोटभर पाणी प्यायचं, मग उठायचं.

आता हौद. अनसिंगला आल्यावर तीन महिन्यांत माझी चार पावलं परत नऊ झाली. वाशीमला, अकोल्याला आठवड्यातून दोनदा जाणं मला आणि माझ्या पेन्शनला दोन्हींना झेपत नाही. एसटीच्या पायरीवर चढण्यातच माझी गोळी संपते. आणि आपल्या सोसायटीत हा हौद पंचवीस वर्षे पडून आहे. नवीन सभासदांना माहीत नसेल, घरं बांधताना भिंतींना पाणी मारण्यासाठी तो बांधला होता. पंधरा फूट लांब, दहा फूट रुंद. त्या वेळी त्याच्या खर्चावरून सर्वसाधारण सभेत जे भांडण झालं त्याच्या इतिवृत्तावर खजिनदार म्हणून माझी सही आहे, मोठी, ठसठशीत. आता तो बुजवून वर वाहनतळ करायचा ठराव येणार आहे.

माझी विनंती अशी की बुजवू नये. चार फूट पाणी राहील असं करून आत न घसरणारी खडबडीत फरशी, पायऱ्या, दोन्ही बाजूंना कठडा आणि वर पत्र्याची सावली. मागच्या महिन्यात हे बोललो तर एक सभासद रागावून म्हणाले, “साहेब, प्याले पानी नाई अन् तुमाले डुबाले पायजे काय?” त्यांचा राग खोटा नाही. उन्हाळ्यात टँकर मोजून घेणारे लोक आहोत आपण, आणि मी स्वतः रात्री बादल्या भरलेल्या आहेत. म्हणून हिशेब केला. चार फूट पाणी म्हणजे सतरा हजार लिटर, मोठे साडेतीन टँकर. ते रोज बदलायचं नसतं. गाळणी लावून, क्लोरीन टाकून, पीएच ७.२ ते ७.८ मध्ये ठेवलं की तेच पाणी महिनोन् महिने चालतं. माणसाने आधी अंग धुऊन उतरायचं. मार्च संपला की हौद रिकामा करायचा, क्लोरीन उतरू देऊन पाणी झाडांना द्यायचं, आणि पावसाळ्यात छपरांवरून पडणाऱ्या पाण्याने परत भरायचा. उन्हाळ्यात मी एक थेंब मागणार नाही.

यातली गंमत तुमच्या लक्षात आली असेल. पाणी असतं तेव्हा ते गार असतं, आणि उन्हाने फुकट तापतं तेव्हा पाणीच नसतं. माझ्या गच्चीवरच्या काळ्या टाकीत एप्रिलमध्ये दुपारी तीन वाजता मी थर्मामीटर बुडवला, छत्तीस अंश. डिसेंबरात तेच पाणी अंगावर घेववत नाही. सतरा हजार लिटर पाच अंशांनी तापवायचं तर शंभराच्या आसपास युनिट वीज, ते आपल्याला परवडणार नाही. म्हणून जुलै ते ऑक्टोबर आणि फेब्रुवारी-मार्च एवढेच सहा महिने, रात्री वर काळं प्लास्टिक अंथरून, आणि छपरावर सौर नळ्या बसल्या तर उत्तम. पाणी तेहतीस अंश होईल असा माझा दावा नाही. अठ्ठावीस-एकोणतीस झालं तरी मी उतरेन.

खर्चातला पहिला वाटा मी माझ्या मुदत ठेवीतून देतो. पण हे माझ्या एकट्यासाठी असतं तर मी हा माईक हातात घेतला नसता. आपल्या बत्तीस घरांत मी मोजतो तेव्हा पक्षाघातातून उठलेले दोघे आहेत, जन्मापासून पायांचा त्रास असलेलं एक लेकरू आहे, आणि गुडघे तर घरटी एक जोडी आहे. आठवड्यातून एकदा वाशीमहून फिजिओथेरपिस्ट बोलवायचा तर चार-पाच घरांनी मिळून खर्च जड नाही. देखरेखीशिवाय कोणी उतरायचं नाही, एरवी जाळीला कुलूप. ही पुढे बसलेली मंडळी माझ्याकडे कशी बघत आहेत ते मला दिसतंय. बाळांनो, तुमच्यासाठी नाही तो. तुमच्यासाठी रविवारी एक तास, आईवडील काठावर असतील तर, तेही सभेने मंजूर केलं तर.

येत्या रविवारी सकाळी नऊ वाजता गवंडी माप घ्यायला येणार आहे. ज्यांना पटलंय त्यांनी सवड असेल तर यावं. ज्यांचा विरोध आहे त्यांनी मात्र नक्की यावं, टेप धरायला माणूस लागेल, माझा हात हलतो.